आठ पिशव्या वाल

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ती कोल्हापूरकडून, आंबा घाट उतरून. घाटात माझ्यापायी दोनदा गाडी थांबवावी लागली, आणि सासरच्या मंडळींत माझ्याविषयी पहिलं वाक्य बोललं गेलं ते "गाडी लागते वाटतं हिला" असं. दुसरं त्याच संध्याकाळी. आमच्या गावाकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी सहज म्हणून गेले, "आई, मी पाणी आणतो," तर सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे बघितलं, कोण गडी बोलला म्हणून.

तरीही पाच महिने झाले आणि मला वाटायला लागलं, की कोकण आता आपल्या हातात आलं. विळीवर नारळ खवताना बोटं शाबूत राहायला लागली होती. आमसुलं कुठं घालायची आणि कोकमाचं आगळ कुठं, हे मी न विचारता ठरवत असे. पाच महिन्यांची सून आणि पाच दिवसांचा सायकलवाला यांना सारखाच आत्मविश्वास असतो. दोघंही पहिल्या उतारावर हात सोडतात.

माझा उतार म्हणजे आनंदमेळा. आमच्या आळीतल्या बायकांचं एक मंडळ होतं आणि दिवाळीच्या आधी ते मुलींच्या शाळेच्या पटांगणात मेळा भरवायचं. घराघराला एकेक स्टॉल नेमून दिलेला. त्या वर्षी भेळ, सरबत, घावने, सगळं आधीच वाटून गेलं होतं आणि आमच्या घरापुढे नुसता 'खेळ' असा शब्द लिहिला होता. कसला खेळ, ते कुणी लिहिलं नव्हतं. त्यात सासूबाईंना नेमकं त्याच आठवड्यात गुहागरला माहेरी जायचं होतं, भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. त्या म्हणाल्या, "मंडळाला नाही म्हणून कळवते."

"कळवू नका, आई. मी करतो."

"करतो?"

"करते."

"एकटीला झेपेल काय गो?"

"झेपेल की. त्यात काय."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. नवी सून आपणहून काही मागते आहे, तिला पहिल्याच वेळी नाही कशाला म्हणा, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. निघताना पायरीवरून मागे वळून त्या म्हणाल्या, "घरातलं काय लागेल ते घे. सारखं याला विचार, त्याला विचार करत बसू नको. तुझंच घर आहे."

इतकं चांगलं वाक्य सुनेला सांगणाऱ्या सासवा कमीच. आमच्या सासूबाईंनीही पुन्हा ते कधी उच्चारलं नाही.

खेळ मी हेरून ठेवला होता तो शेजारच्या भाभींकडे. त्यांचे मिस्टर कुवेतला नोकरीला होते आणि सुट्टीवर येताना मुलांसाठी काही ना काही घेऊन येत. या खेपेला त्यांनी एक तिरपी फळी आणली होती. फळीवर विदूषकाचं चित्र, त्याच्या तोंडाच्या जागी भोक, आणि बरोबर मुठीत मावतील अशा कापडी पिशव्या. पाच पावलांवर उभं राहायचं आणि पिशवी विदूषकाच्या तोंडात टाकायची, बस. मी एकदा खेळून बघितलं तर आठांतल्या तीन आत गेल्या, त्यामुळे खेळ चांगला आहे याविषयी माझी खात्री पटली.

"हाच घेऊन जा की मेळ्याला," भाभी म्हणाल्या.

पण मला आयता खेळ न्यायचा नव्हता. मला 'सूनबाईनं घरी केला हो' असं चार बायकांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मी नुसतं विचारलं, "पिशव्यांत काय भरतात हो?"

"कसले तरी प्लास्टिकचे दाणे. एक उसवली, तिच्यात मी चवळी भरली आणि शिवली. काय फरक पडत नाही. धान्य कुठलंही चालतं गो."

फळीचं काम मामंजींनी घेतलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून घरी बसलेले, आणि बसून कंटाळलेले. पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या, त्यांच्या फळ्या सुट्या करून त्यांनी एकीला एक जोडल्या. फळीवर 'हापूस' आणि 'वरची बाजू' ही अक्षरं तशीच राहिली, पण 'वरची बाजू' खाली आली. मी तसं म्हटल्यावर मामंजी म्हणाले, "आंब्याला वर-खाली असतं. फळीला नसतं."

मग भोक. "वर्तुळ काढायचं तर आधी व्यास ठरव," म्हणाले. मी नुकतीच शिवलेली रिकामी पिशवी पुढे केली. त्यांनी ती फळीवर पसरली, दोरा आणि खिळा घेऊन सुरेख वर्तुळ आखलं, आणि पटाशीनं दोन तास ठोकून ठोकून ते पाडलं. संध्याकाळी मी पिशवी भरून आणली तर ती भोकात अर्धी जाऊन अडकली, मांजर दुधाच्या लोट्यात डोकं घालून अडकतं तशी. भरल्यावर पिशवी फुगते हे चाळीस वर्षं गणित शिकवणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही आणि ती शिवणारीच्याही नाही. दुसऱ्या दिवशी मामंजींनी भोक मोठं केलं, ते एका बाजूनं जरा जास्तच गेलं. त्यांनी लांब उभं राहून त्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, की लंबवर्तुळच हवं होतं.

पिशव्या मी शिवल्या आमच्या ह्यांच्या एका टेरिकॉटच्या पँटच्या. हे सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्याकडे तीन पँटी होत्या. एका माणसाला तीन लागत नाहीत, असं मी ठरवलं. घरातलं काय लागेल ते घे, असं मला सांगूनच ठेवलेलं होतं.

आता पिशव्यांत काय भरलं ते. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. इकडे पुढच्या वर्षीचं बी भाताच्या पेंढ्यात गुंडाळून सुंभानं घट्ट आवळून ठेवतात. तिला मुडी म्हणतात. बघणाऱ्याला पेंढ्याचा मोठा लाडूच वाटावा. कडव्या वालाची मुडी बांधताना आत राख घालतात म्हणजे किडा लागत नाही, आणि ती चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात म्हणजे वर्षभर धूर मिळतो. दिवाळीनंतर भात कापून झालं, की त्याच खाचरात ओल आहे तोवर ते वाल एकेक करून टोकायचे. आमच्या माळ्यावरची एकुलती एक मुडी म्हणजे सासूबाईंचं सगळं बी. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून दर वर्षी निवडून निवडून ठेवलेलं. त्यांच्या वालाच्या बिरड्याचं आळीत नाव होतं. कुणी मागितले तर त्या खायला ओंजळभर देत. बी म्हणून मात्र कुणाला एक दाणा दिला नव्हता.

आमच्याकडे कोल्हापूरला धान्य पोत्यात आणि डब्यात असायचं. पेंढ्यात असायची ती फक्त म्हसरांची वैरण. तेव्हा माळ्यावर चढल्यावर मला काय दिसलं, तर धुरानं काळा पडलेला एक गोळा, आणि त्याच्या आत राखेनं माखलेले, जुनाट, कळकट वाल. कुणीतरी वर ठेवले आणि विसरले. स्वयंपाकघरातल्या डब्यात खायचे वाल होते, पांढरे, टपोरे, स्वच्छ. खेळासाठी चांगलं धान्य वाया घालवायचं नाही, एवढा संसार मला कळत होता. मी कात्रीनं सुंभ कापला, वाल चाळले, राख बाजूला काढली. त्या राखेनं पुढे दोन दिवस भांडी अशी निघाली, की मी स्वतःवरच खूश होते.

मामंजींनी विचारलंही होतं, "आत काय भरलंस?"

"वाल. जुने होते ते."

"मग ठीक," म्हणाले आणि पुन्हा लंबवर्तुळाला कानस लावायला बसले. त्यांना वाटलं, डब्यातले.

मेळ्याच्या दिवशी आम्हाला पटांगणाच्या मागच्या कडेची जागा मिळाली. मागे शाळेची चिऱ्याची भिंत. मी फळी भिंतीपुढे तिरपी उभी केली, टेकूला दोन जांभे दगड लावले, पाच पावलं मोजून चुन्यानं रेघ मारली. तीन पिशव्या आत गेल्या की आंबावडीचा एक तुकडा बक्षीस. मुलींची ही रांग लागली. पोरी पिशवी हातात घ्यायच्या, डोळा बारीक करायच्या आणि क्रिकेटमधल्या चेंडूसारखी खांद्यावरून भिरकावायच्या. पिशवी कधी फळीवर आदळायची, कधी वरून जाऊन चिऱ्यावर फट्कन बसायची. भोकातून आत गेली तरी शेवटी चिऱ्यावरच. आणि मी, त्या स्टॉलची मालकीण, कडेला उभी राहून सांगत होते, "अगं जोर लाव की जरा. जेवली नाहीस काय? जोरात मार."

तासभर असं चाललं असेल. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, पण गुहागरहून सकाळची एस.टी. मिळाली. घराला कुलूप बघून त्या तडक शाळेत आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भावजयीनं दिलेली नवी गोधडी, सुतळीनं बांधलेली. रांग बघून त्यांचा चेहरा उजळला. आपल्या सुनेच्या स्टॉलवर सगळ्यांत जास्त गर्दी आहे हे त्यांनी भेळवाल्या बाईंच्या देखत पाहिलं, हे मला फार बरं वाटलं.

"बघू तरी काय केलंस," म्हणत त्यांनी फळीखालून एक पिशवी उचलली. तळहातावर जोखली. मग चिमटीत धरून आतले दाणे बोटांनी फिरवले. मग पिशवी नाकाशी नेली.

"हे वाल कुठले गो?"

मला वाटलं, कौतुकाचा क्षण आला. "माळ्यावरच्या पेंढ्यातले, आई. राखेतले. डब्यातल्या चांगल्यांना मी हात लावला नाही."

"सगळे भरलेस?"

"सगळे. आठ पिशव्यांत बरोबर बसले. मूठभर उरले, ते भाभींच्या कोंबड्यांना टाकले."

रेघेवर एका पोरीनं हात मागे नेला, पिशवी सुटली आणि चिऱ्यावर फट् झालं. सासूबाईंचे डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, प्रवास बाधला असेल.

"आई, तुम्ही बसा. दमलात."

"बसते," त्या म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या त्या फळीच्या मागे, भिंतीला टेकून. गोधडीची सुतळी सोडली आणि ती कोरी करकरीत गोधडी त्यांनी चिऱ्याच्या भिंतीवरून खाली, लाल मातीत पसरली. वर स्वतःचा पदर ओंजळीसारखा धरला. भोकातून पिशवी आली की ती पदरात पडायची, फळीवरून आली की गोधडीत. रांगेतल्या पोरींना फळीमागून नुसता आवाज यायला लागला.

"एवढ्या जोरानं नाही गो. खालनं टाक. हाताखालनं."

"आजी, खालून नेम लागत नाही."

"लागतो. देवाला फूल वाहतेस काय भिरकावून? तसं टाक. अलगद."

पोरींनी हात खालून झुलवून पिशव्या टाकायला सुरुवात केली, आणि काय सांगू, पिशव्या धडाधड आत जायला लागल्या. पाऊण तासात माझी अर्धी आंबावडी संपली. मी मनात म्हटलं, सासूबाईंना हौस तरी किती. साठीला आलेली बाई मातीत बसून पोरींबरोबर खेळते आहे. मी शेजारच्या स्टॉलवर जाऊन सांगूनसुद्धा आले, "आमच्या आईंना फार आवडलाय खेळ."

भाभी तिथेच सरबत पीत उभ्या होत्या. त्यांनी फळीच्या मागे डोकावून बघितलं, सासूबाईंचं तोंड बघितलं आणि पेला खाली ठेवला. दोघी काहीतरी हळू बोलल्या. मला एवढंच ऐकू आलं, "मग सांगा की तिला." आणि सासूबाईंचं, "मीच घे म्हटलं होतं ना. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हटलं, गोधडीविषयी असेल.

इतक्यात आमचे हे त्यांच्या साहेबांना घेऊन आले. साहेब साताऱ्याकडचे, कुस्ती सोडलेल्या माणसाचा बांधा. ह्यांनी रांगेतली एक पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ही माझी पँट आहे काय?"

"होती," मी म्हटलं.

साहेबांना आम्ही रांगेत पुढे घेतलं. कचेरीचा मान म्हणून. फळीमागून सासूबाई म्हणाल्या, "खालनं टाका हो, हाताखालनं." साहेबांना वाटलं, म्हातारीला आपल्या ताकदीचा अंदाज नाही. त्यांनी बाह्या सारल्या, एक पाय मागे घेतला आणि खांद्यावरून अशी सोडली, की पिशवी 'हापूस'वर बसून टाचेपासून गळ्यापर्यंत उसवली. वाल चारी दिशांना उडाले. रांगेतल्या पोरी हसत पुढे धावल्या.

"कुणी हलायचं नाही," सासूबाई फळीमागून उठत म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण मामंजींनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं असलं, तरी त्यांच्या घरात वर्ग कुणाचा चालत होता ते त्या दिवशी मला समजलं. सगळं पटांगण जागच्या जागी थांबलं. एका पोरीचा पाय हवेतच राहिला. सासूबाई खाली बसल्या आणि लाल मातीतून एकेक वाल वेचायला लागल्या. ओशाळलेले साहेबही बसले. साहेब बसले म्हणून हेही बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचे साहेब मातीत, आणि तेही कशासाठी. मी वाकून हळूच म्हटलं, "आई, जाऊ द्या की. चार वाल तर आहेत. जुने."

सासूबाईंनी वर बघितलं नाही. उत्तर भाभींनी दिलं. "चार वाल नव्हेत गो ते. बी आहे. पुढल्या महिन्यात पेरायचं. तुझ्या सासूचं सगळं बी आहे त्या पिशव्यांत."

पुढचं मिनिटभर मला काही ऐकू आलं नाही. मग एकदम सगळं ऐकू आलं, सकाळपासूनचं. तासभराचं ते फट्, फट्, आणि त्यावर माझाच आवाज, जोरात मार, जेवली नाहीस काय. कोंबड्यांना टाकलेली मूठ आठवली. मी रेघेवर गेले, पोरींच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि म्हटलं, "खेळ संपला."

पोरींची तोंडं पडली. मागच्या पोरी तर सकाळपासून उभ्या होत्या. सासूबाईंनी गोळा केलेले वाल पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाल्या, "संपला कशाला? पोरी थांबल्यात. पिशव्या रिकाम्या कर आणि दुसरं काहीतरी भर त्यांच्यात."

शाळेत लांब उडीचा खड्डा होता, समुद्राच्या वाळूचा. आम्ही सासू-सुनेनं उरलेल्या सातही पिशव्या गोधडीवर उसवून वाल मोकळे केले. मी वाळू भरत होते, भाभी शिवत होत्या आणि माझे डोळे गळत होते. सासूबाई म्हणाल्या, "वाळू ओली करू नको, जड होईल." त्या दिवसात त्या मला रागावल्या असतील तर तेवढ्याच.

वाळूच्या पिशव्यांनी साहेबांनी पुन्हा एकदा नशीब अजमावलं. या खेपेला फळीच निखळली. मामंजींनी ती संध्याकाळी काखेत मारून घरी आणली आणि म्हणाले, "भोक अजून लंबवर्तुळच आहे, बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही सासू-सून ओटीवर सुपं घेऊन बसलो. अख्खे वाल एका सुपात, फुटलेले दुसऱ्या. फुटलेल्यांची सरळ डाळच झाली होती. अख्खे चारांतले तीन भाग निघाले आणि माझा जीव भांड्यात पडला. "बरेच वाचले की, आई."

"दिसतात अख्खे," त्या म्हणाल्या. "आत कोंबाचा डोळा ठेचलेला असेल तर तो बाहेरून नाही दिसत. पेरल्यावर कळेल."

भात कापून झाल्यावर त्यांनी ते सूप माझ्या हातात दिलं आणि मला खाचरात घेऊन गेल्या. "तूच टोक. दोन बोटं खोल, वीतभर अंतर. फेकायचं नाही हं. वाकून ठेवायचं." मी सबंध खाचर वाकून टोकलं. तिसऱ्या दिवशीही मला सरळ उभं राहता येत नव्हतं आणि आमचे हे घरात सगळ्यांना सांगत होते, की हिला आता खालून टाकायची सवय लागली आहे.

मग मी रोज सकाळी चहाआधी खाचरात जायला लागले. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी एका कोपऱ्यात माती किंचित फुगलेली दिसली. आठव्या दिवशी तिथून मान वाकवलेलं एक रोप वर आलं, नंतर दोन हात सोडून दुसरं, मग पुष्कळ लांब तिसरं. ओळी अशा काही नव्हत्याच. आमच्या घरच्या मास्तरांच्या तोंडासारख्या होत्या, दात पडून गेलेल्या. तसं म्हणण्याची सोय नव्हती, कारण मास्तर माझ्या शेजारी उभे होते. मामंजी हातात वही घेऊन बांधावरून फिरले आणि हजेरी घ्यावी तशी रोपं मोजून आले. पासष्ट. एवढ्या मोठ्या खाचरात पासष्ट.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मी मान खाली घालून उभी. त्या म्हणाल्या, "एवढं आदळूनही आले मेले वर. दांडगे आहेत." मग माझ्याकडे बघून, "दुपारी म्हशी सुटतात. कुंपण घालायला हवं. चल, काट्यांच्या शिरड्या आणू."

ते पासष्ट वेल मी लेकरासारखे सांभाळले. काटेरी शिरड्या तोडून आणून कुंपण घातलं, वानरं आली की डबा बडवत धावले. भाभींच्या कोंबड्यांशी तर मी बोलणंच टाकलं होतं. शेंगा वाळल्यावर आम्ही त्या ओटीवरच सोलल्या, झोडपायला घेतल्या नाहीत. तेवढा मार त्यांच्या आईबापांनी खाल्ला होता. वाल निघाले ते एका परडीत मावले. मागच्या वर्षीची मुडी कलिंगडाएवढी होती. या वर्षीची नारळाएवढी झाली.

मुडी बांधायच्या आधी सासूबाईंनी त्यातले दोन मुठी वाल बाजूला काढले, केळीच्या सोपात गुंडाळले आणि कुंपणापाशी जाऊन भाभींना हाक मारली.

"हे तुझ्याकडे ठेव. राखेत ठेव."

भाभी बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत ज्या बाईनं कुणाला बी दिलं नाही, ती आपणहून कुंपणावरून हात पुढे करत होती. "बी आहे काय हे? मला?"

"तुला. दोन घरांत असलेलं बरं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या घरात सून आहे."

भाभी इतक्या हसल्या, की त्यांना कुंपणाचा बांबू धरावा लागला. मी तिथेच होते. सासूबाईंनी मला ऐकू जावं म्हणूनच तिथून म्हटलं होतं.

मुडी बांधल्यावर परडीच्या तळाशी थोडे वाल उरले. मुडीत घालावे तर ती पुन्हा सोडावी लागली असती. सासूबाईंनी ते हातावर घेऊन जरा विचार केला, मग पाण्यात भिजत घातले. दोन दिवसांनी मोड आले, सोलले, आणि त्यांनी त्यांचं बिरडं केलं. डब्यातले खायचे वाल केव्हाच संपले होते. त्या वर्षी आमच्या घरात झालेलं ते एकच बिरडं. खोबरं घालून, गूळ घालून, चार माणसांना पुरेल असं पातळ केलेलं. सासूबाईंनी प्रत्येकाच्या वाटीत डावानं मोजून वाल घातले. नऊ नऊ. मामंजी एकेक वाल भाताच्या घासाबरोबर घेत होते आणि डोळे मिटून चावत होते. मीही तसंच करत होते. सासूबाईंनी आपल्या वाटीतला एक वाल उचलून माझ्या भातावर ठेवला आणि दुसरीकडेच बघत जेवायला लागल्या.

आमचे हे कचेरीतून उशिरा आलेले, भुकेले. त्यांनी वाटी भातावर पालथी घातली, दोन घासांत ताट साफ केलं आणि वाटी पुढे केली.

"छान झालंय. अजून वाढ."

आम्ही तिघांनी जेवता जेवता थांबून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा मामंजींकडे, मग माझ्याकडे. आणि वाटी मागे घेऊन ताक मागितलं.